दुखूलंय काय?

माझ्या आयुष्यातल्या नऊ दिवसांचा हिशेब तीन ठिकाणी आहे. एक माझ्या डोक्यात, दुसरा बायकोच्या दोनशे पानी वहीत आणि तिसरा आयसीयूच्या तक्त्यांत. त्या तक्त्यांच्या झेरॉक्स मी डिस्चार्जनंतर अर्ज करून मिळवल्या. हे तिन्ही हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत. हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळं न जुळणारं काही दिसलं की मला चैन पडत नाही.

जानेवारीतली संध्याकाळ होती. बेळगावहून खानापूरकडं मोटारसायकलवर येत होतो. उसाचा हंगाम म्हणजे आमच्याकडं रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, आणि एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. त्यातला एक पंक्चर होऊन कडेला उभा होता. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून आलेल्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडला आणि ट्रॉली दिसली तेव्हा उसाची वाढी माझ्या तोंडाशी होती. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. बाकीचं नाही. डाव्या बाजूच्या सहा बरगड्या मोडल्या, त्यातल्या लगतच्या तीन दोन-दोन ठिकाणी, म्हणजे छातीचा एक तुकडा सुटाच झाला. श्वास घेताना सगळी छाती फुगायची आणि तो तुकडा मात्र आत जायचा. खाली फुप्फुसाला मार, छातीत रक्त आणि हवा, आणि डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलेलं.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी घशात नळी घातली म्हणून मी आज हे लिहितोय, हे आधीच सांगतो. पण त्यापुढचा अर्धा तास कोणाच्याही वाट्याला येऊ नये असा आहे.

नळी घालताना त्यांनी भुलीचं केटामाइन दिलं आणि अंग लुळं करणारं व्हेक्युरोनियम दिलं. केटामाइनचा तेवढा डोस दहा-वीस मिनिटांत उतरतो. व्हेक्युरोनियम अर्धा-पाऊण तास टिकतं. मधल्या वेळेत मी जागा झालो. जागा म्हणजे काय, तर ऐकू येत होतं, ॲम्ब्युलन्सचा सायरन कळत होता, प्रत्येक खड्ड्याला मांडीतलं हाड हाडावर घासलेलं कळत होतं. पण पापणी हलत नव्हती. ओरडायला घसा नाही, हलवायला बोट नाही. शेजारचा माणूस कोणाला तरी फोनवर सांगत होता, "झोपवलंय त्यांना, शांत हाईत." मी शांत नव्हतो. मला शांत करून ठेवलेलं होतं.

तक्त्यावर बघितलं तर वाटेत मिडाझोलाम दोन मिलिग्रॅम दिल्याची नोंद आहे. त्यानंतरचं मला आठवत नाही, आणि ते मिडाझोलामचं कामच आहे. ते गुंगी आणतं, घडलेलं विसरायला लावतं. दुखणं मात्र ते कमी करत नाही. हे मला नंतर बेळगावच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं, आणि सांगताना टेबलावर दोन बोटं वेगवेगळी ठेवली: "सर, हे दुखणं. ही झोप. लोकांना वाटतं झोपला म्हणजे दुखत नसणार. दोन्हींना औषध वेगळं."

बेळगावातल्या आयसीयूत पोचलो तेव्हा रक्तदाब ऐंशीच्या आसपास होता. छातीत नळी घालून रक्त काढलं, दोन बाटल्या रक्त दिलं, आणि दाब थोडा सावरल्यावर पहिली गोष्ट सुरू केली ती फेंटानिल, म्हणजे दुखण्याचं औषध. सिरिंज पंपावर, तासाला पन्नास मायक्रोग्रॅम. तक्त्यावर झोपेच्या औषधाच्या वर त्याची ओळ आहे, आणि तो क्रम मुद्दाम आहे. आधी दुखणं थांबवायचं, मग लागली तर झोप. गेल्या काही वर्षांत आयसीयूचे डॉक्टर जगभर याच क्रमानं जातात. २०१८ साली अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेनं काढलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. दुखणं आटोक्यात आलं तर कितीतरी रुग्णांना झोपेचं औषध फारच थोडं पुरतं.

आता बायकोची वही. पहिल्याच पानावर आहे: "सिस्टर औषध भरून झाल्यावर मोकळी बाटली टाकत नाही, जपून ठेवते. विचारलं तर म्हणाली, मोजून परत द्यावी लागते." फेंटानिल, मॉर्फिन ही अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येणारी औषधं. कुलपात राहतात, रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या, फुटलेल्या ॲम्प्यूलचीसुद्धा नोंद. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा काही औषधांना अत्यावश्यक म्हणून वेगळं काढलं, परवान्याची कटकट कमी केली. तरी लहान दवाखाने कुलूप-किल्लीच्या भानगडीत पडायला नको म्हणून ती ठेवायचंच टाळतात, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला त्या ॲम्ब्युलन्समधले खड्डे आठवले.

दुसऱ्या दिवसाच्या पानावर थोरल्या भावाचं प्रकरण आहे. तो म्हणत होता कोल्हापूरला नेऊया, आपली माणसं, आपली भाषा. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून माझ्या छातीचा तो सुटा तुकडा दाखवला आणि म्हणाले, शंभर किलोमीटर हलवलं तर वाटेत काय होईल ते मी सांगू शकत नाही. भाऊ गप बसला. बाहेर येऊन मात्र बायकोला म्हणाला, "आत सगळी कानडीच बोलूलेत. ह्याला काय होऊलंय ते ह्यानं कुणाला सांगायचं?" भाऊ चिडखोर आहे, पण प्रश्न बरोबर होता. नळी तोंडात असताना भाषा कुठलीही असो, सांगता येतच नाही. कोणीतरी विचारायला लागतं.

तोंडात नळी असलेल्या माणसाला दुखतंय हे ओळखायचं कसं, याची त्यांच्याकडं एक मोजपट्टी आहे. सीपॉट म्हणतात तिला. चार गोष्टी बघायच्या: चेहरा आक्रसलाय का, हातपाय कशी हालचाल करताहेत, हात वाकवून बघितला तर स्नायू ताठ लागताहेत का, आणि माणूस मशिनबरोबर श्वास घेतोय की मशिनशी भांडतोय. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. एकूण आठ. तीन किंवा त्याच्या वर गेलं की दुखतंय असं समजून औषध द्यायचं. नाडी आणि रक्तदाब यात नाहीत. ते दुसऱ्या शंभर कारणांनी वरखाली होतात, एकट्यांवर विसंबता येत नाही. झोपेची मोजपट्टी निराळी, तिला रास म्हणतात. उणे पाच म्हणजे कशानंही न उठणारा, शून्य म्हणजे शांत जागा, अधिक चार म्हणजे अंगावर धावून जाणारा. मास्तरला मार्कांची भाषा लगेच कळते. पहिल्या रात्री मी रासमध्ये उणे चार होतो. सीपॉट एक. कागदावर उत्तम विद्यार्थी.

आणि इथंच माझा हिशेब आणि तक्त्याचा हिशेब फाटतो.

तिसऱ्या दिवशी मांडीत रॉड घातला. ऑपरेशननंतर मिडाझोलामच्या जोडीला प्रोपोफॉल हे झोपेचं दुसरं औषध सुरू झालं. पांढरंशुभ्र असतं ते. वहीत लिहिलंय, "आज ह्यांना शिरेतून दूध देऊलेत." प्रोपोफॉल चरबीच्या पाण्यात मिसळलेलं असतं म्हणून तसं दिसतं, आणि त्या चरबीत जंतू झपाट्यानं वाढू शकतात म्हणून बाटली आणि नळी बारा तासांनी बदलतात. बायकोनं सिस्टरला विचारलं होतं की म्हशीचं का गाईचं. त्यानंतर दोघी हसल्या, असंही लिहिलंय. त्या नऊ दिवसांतलं वहीतलं हे पहिलं हसू.

त्याच रात्री मी गुऱ्हाळात होतो.

आजोळी लहानपणी बघितलेलं गुऱ्हाळ. काहिलीचा वास, चिपाडांचा ढीग, आणि चरक. मला उसासारखं आडवं धरून चरकात घालत होते. डाव्या बरगड्या आधी, मग मांडी. पिळून झालं की बाजूला ठेवायचे, आणि थोड्या वेळानं परत घालायचे. मी मोजत होतो, रस निघून गेलाय तरी का घालताहेत. चरकाजवळची माणसं आपसात सहज गप्पा मारत होती. मग माझे हात बांधले. पोलिसांची शिट्टी वाजत होती. मला कळलं की आज एक नोव्हेंबर आहे, सीमाभागातली मराठी माणसं पाळतात तो काळा दिन आहे, संभाजी उद्यानापासून निघालेल्या सायकल फेरीतून मला उचललंय, आणि आता कानडीतून चौकशी चाललीय. मी आयुष्यात त्या फेरीत दोनदा गेलोय, कॉलेजात असताना, आणि पोलिसांनी मला कधी हातही लावलेला नाही. पण त्या रात्री माझी खात्री होती.

शिट्टी म्हणजे व्हेंटिलेटरचा अलार्म. हात बांधले होते कारण मी नळीकडं हात नेत होतो. आणि चरक?

तक्त्यावर त्या रात्रीच्या सीपॉटच्या रांगेत बारा वाजता सहा, दोन वाजता सात, चार वाजता सहा आहे. मधल्या वेळी एक, एक, दोन. बारा, दोन, चार या कूस बदलायच्या वेळा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिघं मिळून मला वळवत होते. दिवसाच्या पाळीत आकडा मी निपचित पडलेला असताना लिहिला जात होता, म्हणून तो सुंदर दिसत होता. रात्रपाळीच्या सिस्टरनं तो मला वळवतानाच लिहिला. माझा चरक त्या तक्त्यात बरोबर वेळेवर आहे. हे दोन कागद मी शेजारी-शेजारी ठेवले त्या दिवशी जेवलो नाही.

ती सिस्टर बैलहोंगलकडची, कानडी बोलणारी. सकाळच्या राउंडला तिनं ते आकडे डॉक्टरांपुढं ठेवले. तेव्हापासून वळवायच्या, घशातला कफ ओढायच्या, ड्रेसिंगच्या आधी पाच मिनिटं फेंटानिलचा पंचवीस मायक्रोग्रॅमचा वेगळा डोस सुरू झाला. शिरेतून दिल्यावर ते दोन-चार मिनिटांत काम करतं, म्हणून पाच मिनिटं. चौथ्या रात्रीपासून चरक थांबला. पोलीस थांबले नाहीत.

पोलिसांचं कारण वेगळं होतं. त्या अवस्थेला डेलिरियम म्हणतात, मराठीत भ्रम म्हणू. मार, ताप, झोपमोड, बाहेर दिवस का रात्र ते न कळणं, हे सगळं त्याला कारण, आणि मिडाझोलामसारखी औषधं त्यात तेल ओततात. तो आहे का हे बघायची परीक्षा असते. इंग्रजीतली दहा अक्षरं एकेक म्हणतात आणि 'ए' आलं की हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष ठिकाणावर नाही. माझ्या सहा. मी प्रत्येक अक्षराला हात दाबत होतो, कारण मला वाटलं आपल्या साथीदारांची नावं वाचताहेत आणि आपण सगळ्यांची ओळख पटवली तर सोडतील. हे लिहिताना आज लाज वाटते.

मग प्रश्न. ते ती सिस्टर एका चिठ्ठीवरून वाचायची. येळ्ळूरच्या एका वॉर्डबॉयनं तिला ते मराठीत, पण कानडी लिपीत लिहून दिले होते. "दगड पान्यावर तरंगतो काय? समुद्रात मासे असतात काय? एक किलो दोन किलोपेक्षा जड काय? हातोडीनं खिळा मारता येतो काय?" मान हलवून हो किंवा नाही सांगायचं. पंधरा वर्षं प्लवनशीलता शिकवलेल्या माणसाला कोणी विचारतंय की दगड तरंगतो काय. मी बाणेदारपणे उत्तर द्यायचं नाकारलं. तक्त्यावर: भ्रम, होकारार्थी.

पाचव्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफी लावून माझ्या पाठीत, मणक्याच्या बाजूच्या स्नायूखाली, एक केसासारखी बारीक नळी सरकवली आणि तिच्यातून बधिरतेचं औषध सुरू केलं. त्या बाजूच्या बरगड्यांच्या नसा बधिर झाल्या. फेंटानिल एव्हाना तासाला पंचाहत्तरवर गेलं होतं, ते संध्याकाळपर्यंत पंचवीसवर आलं. फेंटानिल नुसतं दुखणं मारत नाही, श्वासही मंद करतं आणि आतडी झोपवतं. (आतड्यांबद्दल वहीत सातव्या दिवशी एकच ओळ आहे, लाल पेनानं: "झाली!!" कोणाला आणि काय, ते लिहायची गरज तिला वाटली नाही.) बरगड्यांच्या माणसाला खोल श्वास घेता आला पाहिजे, नाहीतर न्यूमोनिया वाट बघत बसलेला असतो. म्हणून जिथं दुखतंय तिथंच मारायचं आणि डोक्याला कमीत कमी औषध पोचवायचं, हा त्यांचा बेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल दोन्ही बंद करून रात्री डेक्समेडेटोमिडिन नावाचं हलक्या झोपेचं औषध सुरू केलं. हे श्वास दाबत नाही, आणि हाक मारली तर माणूस जागा होतो. नाडी मात्र खाली आणतं. माझी बावन्नपर्यंत गेली आणि मॉनिटर रात्रभर कुरकुरला.

सहाव्या दिवसापासून रोज सकाळी झोपेची औषधं थांबवून मला उठवायचे. शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली दाखवून दिलं होतं की असं रोज उठवलेल्या रुग्णांची व्हेंटिलेटरवरून सुटका साधारण दोन-अडीच दिवस लवकर झाली. माझ्या डोक्याला मार लागून मेंदूला सूज असती तर हे केलं नसतं. तेव्हा मुद्दाम गाढ झोपवून ठेवतात. हेल्मेटचं महत्त्व मी तेव्हापासून वर्गात वेगळ्या पद्धतीनं सांगतो. उठवतानाही दुखण्याचं औषध पूर्ण बंद केलं नव्हतं, हे मी तक्त्यात दोनदा तपासून घेतलं.

सातव्या दिवशी मशिनचा आधार अगदी कमी करून मला स्वतःच्या दमावर श्वास घ्यायला लावला. बाराव्या मिनिटाला श्वास मिनिटाला अडतीसवर गेले. नापास. वहीत त्या दिवशी काही लिहिलेलं नाही. आठव्या दिवशी चिठ्ठीवरचे चारही प्रश्न बरोबर आले. दगडाच्या प्रश्नाला मी मान हलवलीच, शिवाय बांधलेल्या हाताच्या बोटानं चादरीवर 'घनता' असं लिहायला लागलो. सिस्टरला ते वाचता येईना. तिनं वॉर्डबॉयला बोलावलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "सर शुद्धीवर आलेत. शिकवायला लागलेत." त्या दिवशी हात सोडले.

पुढचे काही दिवस सारखा घाम, जांभया आणि पायांत किडे वळवळल्यासारखं होत होतं. फेंटानिल आठवडाभर चालल्यावर शरीर त्याला सोकावतं, म्हणून ते एकदम न तोडता उतरवत नेलं. त्याचं कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं नवीनच काहीतरी बिघडलं.

नवव्या दिवशी सकाळी तीस मिनिटं दम टिकला. साडेदहाला नळी निघाली. नळी निघताना खोकल्याबरोबर बरगड्यांतून जी कळ आली ती खरी होती, माझी होती, आणि विशेष म्हणजे आता मी ती सांगू शकत होतो. पण आवाजच फुटेना.

बैलहोंगलची सिस्टर त्या दिवशी सकाळपाळीला होती. आठ दिवस ती मला आधी सवयीनं "नोवु ऐतेनरी?" विचारायची आणि मग थांबून, चिठ्ठी आठवल्यासारखं, आमच्या मराठीत. पुस्तकात दुखतंय असतं. आमच्याकडं दुखूलंय म्हणतात, आणि वॉर्डबॉयनं तिला तेच शिकवलं होतं.

"सर, दुखूलंय काय?"

मी मान हलवली.

"मान नको आता. नंबर सांगा. शून्य म्हंजे काय नाही, दहा म्हंजे सगळ्यात जास्त. किती?"

हजारो पोरांना मार्क दिलेत मी. स्वतःला द्यायला बराच वेळ लागला. ॲम्ब्युलन्स दहा धरली, चरक नऊ धरला, आणि तिथून खाली मोजत आलो.

"चार," म्हणालो. घोगरा, दुसऱ्याच कोणाचातरी आवाज.

"चार म्हंजे दुखूलंय की," ती म्हणाली, तक्त्यावर आकडा लिहिला आणि कपाटाची किल्ली आणायला गेली.